नामदारांची सभा आणि आमची वसई



१८४० सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानच्या कायदेमंडळांत एक मौजेचा प्रकार घडला. राजधानीचें नवें सभागृह बांधून पुरें झालें नव्हतें, म्हणून प्रतिनिधींची सभा एका चर्चमध्यें भरत असे. त्या दिवशीं सभा कायमची उठली, तर संस्थानच्या बँकेला आपल्या नोटांच्या मोबदल्यांत रोख नाणें मोजावें लागणार होतें, आणि तितकें नाणें मोजण्याचें तिला त्राण नव्हतें. बँकेच्या कैवारी पक्षानें युक्ति योजिली ती अशी, कीं आपल्या माणसांनीं सभेस जाऊंच नये. गणसंख्या भरली नाहीं म्हणजे सभा उठविण्याचा ठरावहि होणार नाहीं. दोघेतिघे मात्र लक्ष ठेवण्यासाठीं आंत बसून राहिले. विरुद्ध पक्षानें माणसें धाडून सभासद गोळा केले, संख्या पुरी होत आली, आणि आंत बसलेल्यांच्या ध्यानांत आलें कीं आपल्याच हजेरीनें आपला घात होत आहे. दारानें बाहेर पडतां येईना, तेव्हां त्यांनीं खिडकी उघडून खालीं उड्या टाकल्या. त्यांतला एक फार उंच व हाडकुळा वकील होता. त्याचें नांव अब्राहाम लिंकन. उडी फुकट गेली. त्याची हजेरी अगोदरच मांडून झाली होती.

या गोष्टीला साठ वर्षें उलटल्यावर, १९०१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, पुण्यास मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची बैठक चालू असतां पांच सभासद आपल्या खुर्च्यांवरून उठले आणि दारानें बाहेर गेले. त्यांच्या जाण्यानें गणसंख्येला धक्का लागला नाहीं, पुढें आलेलें बिल अडलें नाहीं. मी आज बोलणार आहें तें या दुसऱ्या सभेविषयीं. लिंकनची गोष्ट आरंभीं सांगितली ती एवढ्याचसाठीं, कीं लोकांनीं निवडलेल्या सभेंत आणि सरकारनें बोलाविलेल्या सभेंत काय अंतर असतें, तें ती खिडकी आणि हें दार जवळ जवळ ठेवून पाहिल्यास चटकन् कळतें. इलिनॉयमध्यें एका माणसाच्या असण्यानसण्यावर सभा अडूं शकत होती. आमच्याकडे पांच उत्तम माणसें उठून गेलीं तरी कागद जसा पुढें सरकायचा तसा सरकला.

हा लिंकन त्या सभेंत आला कसा, तेंहि पाहूं. १८३४ सालीं तो प्रथम निवडून आला तेव्हां पंचवीस वर्षांचा होता. न्यू सेलेम नांवाच्या लहानशा खेड्यांत त्याचें दुकान बुडालें होतें, गांवचें पोस्ट तो सांभाळी, आणि जमिनीची मोजणी करून पोट भरी. अशा मनुष्याला शेजाऱ्यांनीं मतें दिलीं आणि तो कायदे करण्यास गेला. पुढें लागोपाठ तीन वेळां तो पुन्हां निवडून आला. त्याच्या परगण्याचे नऊहि प्रतिनिधि धिप्पाड होते, आणि त्यांनीं खटपट करून राजधानीच आपल्या परगण्यांत, स्प्रिंगफील्ड गांवीं, ओढून आणली. त्याच सभेनें कालवे व आगगाड्या यांसाठीं बेसुमार कर्ज काढून संस्थानाला दिवाळखोरीच्या कांठावर आणून ठेविलें, आणि त्या पापांत लिंकनचाहि वांटा होता. मताचा अधिकार फक्त गोऱ्या पुरुषांना होता. स्त्रियांना नव्हता, काळ्या लोकांना नव्हता. तेव्हां ती सभा म्हणजे रामराज्य होतें असें कोणी समजूं नये. पण ती चुकली तर शेजाऱ्यांसाठीं शेजाऱ्यांनीं केलेली चूक होती, आणि चुकणाराला दर दोन वर्षांनीं त्याच शेजाऱ्यांपुढें उभें राहावें लागे.

आतां आमच्याकडची हकीकत. मुंबई सरकारचा स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार १८३३ सालच्या पार्लमेंटच्या कायद्यानें गेला होता, तो १८६१ सालच्या कायद्यानें परत मिळाला. गव्हर्नर, त्यांचे कार्यकारी मंडळ, अॅडव्होकेट-जनरल, आणि यांच्या जोडीला निदान चार व फार तर आठ ज्यादा सभासद, अशी ही सभा बनावयाची होती. ज्यादा सभासदांपैकीं निम्मे तरी सरकारी नोकरींत नसावेत असें बंधन होतें. या सर्वांना नेमणार गव्हर्नर, मुदत दोन वर्षांची, आणि बोलावयाचें तें फक्त पुढें असलेल्या बिलावर. प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, जमाखर्चावर बोलण्याची नव्हती, लोकांचें गाऱ्हाणें मांडण्याचीहि नव्हती. शिवाय येथें पास झालेला कायदा गव्हर्नर-जनरलच्या संमतीवांचून अमलांत येत नसे. सभासदांना एक गोष्ट मात्र हमखास मिळे, ती म्हणजे नांवामागें ‘नामदार’ ही पदवी. आमच्या आळींतल्या जुन्या बायका कामाला हात न लावतां नुसत्या सूचना देणाऱ्या पाहुण्याला ‘नामदार’ म्हणत. तो शब्द त्या कोठून शिकल्या हें मला फार उशिरां कळलें.

पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजीं मुंबईच्या टाऊन हॉलमध्यें भरली. आज एशियाटिक सोसायटीच्या ज्या प्रशस्त पायऱ्यांवर कॉलेजचीं मुलें बसलेलीं दिसतात, त्याच पायऱ्या चढून हे नामदार आंत गेले असतील. सर जॉर्ज क्लार्क हे तेव्हां गव्हर्नर. नेमलेल्या हिंदी गृहस्थांत नाना शंकरशेट होते. त्यांचें घराणें मूळचें मुरबाडचें, म्हणजे आमच्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांतलें. परंतु नाना सर्वस्वीं मुंबईचे होते. बाँबे असोसिएशन, शाळा, आगगाडी, दवाखाने, कोणत्याहि सार्वजनिक कामाचा पाया खणावा तर त्यांत त्यांचें नांव निघतें. वय साठीला टेकलेलें, सरकारदरबारीं वजन, आणि पैशाची ददात नाहीं. अशा मनुष्याला सरकारनें बोलाविलें यांत नवल नव्हतें. १८६५ सालीं ते वारले. त्यांच्या मागून जे आले त्यांत शेटसावकार आणि सरदार-जहागिरदार पुष्कळ. बोलण्याचालण्याची भाषा इंग्रजी, त्यामुळें कांहींजणांना पुढें काय चाललें आहे हें कळण्याची पंचाईत पडे, असें मानण्यास जागा आहे.

आमच्या वसईला १८६४ सालीं म्युनिसिपालिटी मिळाली. त्याच वर्षीं गुजराथकडून येणारी आगगाडी मुंबईस पोंचली, आणि १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धांवली. म्हणजे विरारचा माणूस सकाळीं गाडींत बसला तर दुपारच्या आंत टाऊन हॉलच्या पायऱ्यांशीं उभा राहूं शकत होता. भाजी गेली, केळीं गेलीं, फुलें गेलीं, पुढें चाकरमाने गेले. त्या शतकांत त्या गाडीनें नामदार म्हणून मात्र आमच्याकडचें कोणी गेलें नाहीं.

आणि तरी त्या सभेंत आमची वसई सारखी येत होती. ती माणसाच्या रूपानें येत नव्हती. ती येत होती माड, मीठ आणि मोह यांच्या रूपानें.

माडाचें पहिल्यानें सांगतों. वसई, माहीम, उंबरगांव या किनाऱ्यावर भंडारी समाजाचें पोट माड, ताड आणि शिंदी यांच्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलें. पहांटे कमरेला कोयता व मडकें अडकवून झाडावर चढावें, पोय बांधून तिचें टोंक छेदावें, संध्याकाळीं फिरून चढावें. त्यांतली कांहीं ताडी ताजी खपे, कांहींची दारू गाळली जाई. १८७८ सालीं कौन्सिलनें मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा केला. या नव्या धोरणाचे सूत्रधार अबकारी कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड हे होते. ज्याला झाड छेदावयाचें त्यानें परवाना घ्यावा, झाडामागें कर भरावा, आणि दारू गाळण्याचें काम गांवोगांवच्या लहान भट्ट्यांवरून उठून मोठ्या कारखान्यांत जावें, असा त्या धोरणाचा रोंख. मोठे कारखाने उरणला होते, आणि तेथें दारू गळे ती मोहाच्या फुलांची. हिशेब सोपा होता. एका ठिकाणीं गळणाऱ्या दारूवर कर वसूल करणें सोपें. शेंकडों वाड्यांत हजारों झाडांवर कोण चढतो तें पाहणें अवघड. म्हणून जें पाहणें अवघड तें महाग करावें. झाडावरचा कर वाढला, भंडारी वर्गांत असंतोष पसरला, अर्ज झाले. कर बसविणारांनीं दारूबंदीची भाषा वापरली खरी, परंतु तिजोरींतली अबकारीची बाब वर्षानुवर्षें फुगत गेली, हें त्या भाषेशीं जुळणारें नव्हतें.

मिठाचें थोडक्यांत सांगतों, कारण मिठाविषयीं पुढें सर्व देशच बोलला. नायगांव-वसईच्या खाड्यांलगत आगरी लोकांचीं मिठागरें होतीं. मुंबईचा मिठाचा कायदा १८९० सालीं याच कौन्सिलांतून निघाला. परवान्यावांचून मीठ पिकवावयाचें नाहीं, आणि पिकलें तें सरकारी पहाऱ्यावांचून हलवावयाचें नाहीं.

मोहाची कथा या तिन्हींत विचित्र आहे. मोहाचें फूल म्हणजे केवळ दारूचा कच्चा माल नव्हे. डोंगरपट्टींतल्या वारली, कातकरी लोकांना तें टंचाईच्या दिवसांत अन्न असे, वाळवून ठेवीत, शिजवून खात, गुरेंहि खात. १८९२ सालीं कौन्सिलनें या फुलांविषयीं एक स्वतंत्र कायदा केला, आणि तो लक्षांत घेतला तो ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं. चोरून दारू गाळणें बंद व्हावें म्हणून फुलें बाळगण्यावरच निर्बंध! झाडाखालीं पडलेलें फूल वेंचून घरांत ठेवणें हा गुन्हा होऊं शकतो, असा कायदा करणाऱ्या सभेंत मोहाच्या झाडाखालीं उभा राहिलेला एक तरी मनुष्य असावा, अशी अपेक्षा कोणी केली तर ती फाजील म्हणतां येणार नाहीं. तसा तेथें कोणी नव्हता.

जंगलाचा कायदा १८७८ चा. तो कलकत्त्याचा, आमच्या कौन्सिलचा नव्हे. पण त्यापायीं भाताच्या रोपासाठीं राब भाजण्याची सुद्धां चोरी झाली, आणि ठाणें-कुलाब्यांतून इतकी ओरड उठली कीं मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं एक फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें. कौन्सिलांत ज्यांना तोंड नव्हतें त्यांना निदान कमिशनपुढें तोंड उघडतां आलें. ज्यांनीं जुनें सरकारी लिखाण चाळलें असेल त्यांना ठाऊक असेल, कीं आमच्या तालुक्यांतल्या साध्या शेतकऱ्याचा आवाज ऐकूं येतो तो कायद्यांच्या पुस्तकांत नव्हे, अशा चौकश्यांच्या जबान्यांत.

याचा अर्थ नामदार मंडळी नुसती शोभेची होती असा नाहीं. कौन्सिलांत खरोखर बोलणारीं माणसें आलीं. विश्वनाथ नारायण मंडलिक १८७४ सालीं आले. कायद्याचें ज्ञान मोठें, धर्मशास्त्राच्या ग्रंथांवर हात बसलेला, आणि साहेबापुढें वाकण्याची संवय नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील खोतीचें बिल निघालें तेव्हां खोतांच्या बाजूनें ते निकरानें भांडले. कायदा १८८० सालीं पास झालाच. मंडलिकांचा निर्भीडपणा मोठा, हें कबूल करून मला एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. ते मुरुडचे, आणि खोतवर्गांतले. खोताची बाजू मांडणारा असा समर्थ पुरुष कौन्सिलांत होता; खोताच्या हाताखालीं राबणाऱ्या कुणब्याची आणि महाराची बाजू मांडणारा त्यांच्यापैकीं कोणी नव्हता. ती बाजू सरकारी अधिकारी मांडीत, आपल्या सोयीनें. या एका प्रसंगांत सबंध शतकाच्या कौन्सिलचें मर्म आलें आहे: स्वतंत्र बुद्धीचा सभासद सरकारशीं भांडे तेव्हां तो आपल्या वर्गासाठीं भांडे, आणि त्याच्याखालच्या वर्गाचा कैवार घेण्याचा मान सरकारला आयता मिळे.

काशिनाथ त्रिंबक तेलंग १८८४ मध्यें आले, रानडे व दादाभाई १८८५ मध्यें. तेलंगांचें आणि फिरोजशहा मेथा यांचें मोठें काम म्हणजे १८८८ सालचा मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा कायदा. मूळ मसुद्यांत सरकारच्या हातीं पुष्कळ सत्ता राखलेली होती, ती या दोघांनीं कलमागून कलम भांडून सैल केली. मुंबई महानगरपालिकेचा कारभार आजहि त्याच कायद्याच्या चौकटींत चालतो. मतें हातांत नसतांना केवळ युक्तिवादानें कायद्याचें रूप बदलतां येतें, याचें हें उदाहरण; परंतु तें मुंबई शहराचें उदाहरण आहे. शहराच्या पाठीशीं पैसा, वर्तमानपत्रें आणि सभा होत्या. माडावर चढणाऱ्याच्या पाठीशीं कांहीं नव्हतें.

१८९२ सालीं पार्लमेंटनें नवा कायदा केला. ज्यादा सभासदांची संख्या वीसपर्यंत नेतां येऊं लागली, प्रश्न विचारण्यास आणि जमाखर्चावर बोलण्यास मुभा मिळाली; मत घेण्यास मात्र नाहीं. म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डें, विद्यापीठ, व्यापारी मंडळ, सरदारवर्ग यांनीं नांवें सुचवावींत आणि गव्हर्नरनें तीं नेमावींत अशी रीत पडली. कायद्यांत निवडणूक हा शब्द मुद्दाम ठेवला नव्हता, पण लोक तिला निवडणूकच म्हणूं लागले. मध्य भागाच्या लोकल बोर्डांनीं १८९५ सालीं बाळ गंगाधर टिळक यांना पाठविलें. १८९७ सालीं ते फिरून निवडून आले, आणि त्याच वर्षीं राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांना पकडण्यांत आल्यावर त्यांनीं ती जागा सोडली. ठाणें जिल्हा तेव्हां कोणत्या भागांत असावा? उत्तर भागांत, सुरत, भडोच, खेडा, अहमदाबाद यांच्या सोबतीला. मराठी बोलणाऱ्या वसईकराचा प्रतिनिधि निवडला जाणार तो गुजराथच्या जिल्ह्यांबरोबर. एकंदरींत आमचा तालुका कोणत्याच टोपलींत नीट बसत नव्हता.

आतां १९०१ सालाकडे येतों. १८९६ आणि १८९९ अशा दोन दुष्काळांनीं देशावरचा शेतकरी मोडला होता. सारा थकला होता, आणि थकबाकीपायीं जमिनी सरकारजमा होण्याची पाळी आली होती. अशा वेळीं सरकारनें जमीन महसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल आणलें. तें मे महिन्यांत महाबळेश्वरीं मांडलें गेलें आणि २३ व २४ ऑगस्ट रोजीं पुण्यास चर्चेला आलें. बिलाचा गाभा असा: सरकारजमा झालेली जमीन फिरून शेतकऱ्याला द्यावी, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क त्याला नसावा, कलेक्टरच्या परवानगीवांचून ती दुसऱ्याकडे जाऊं नये. हेतु सांगितला तो सावकारापासून बचावाचा. बिल मांडणारे मुइर मॅकेंझी. अध्यक्षस्थानीं गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट.

फिरोजशहा मेथा यांचें वय तेव्हां छपन्न, गोपाळ कृष्ण गोखले यांचें पस्तीस. मेथांचा मुद्दा होता तो घाई नको असा. लोकांचीं मतें मागवा, बिल पुढें ढकला. गोखल्यांनीं सारा प्रश्न शेतकऱ्याच्या पतीच्या अंगानें तपासला. ज्याला जमीन गहाण टाकतां येत नाहीं त्याला बियाण्याला कर्ज कोण देईल? आज मालक असलेला शेतकरी उद्यां सरकारचा कूळ होईल, आणि सावकार जाऊन त्याच्या जागीं मामलेदार येईल. हे मुद्दे हलके नव्हते. दुष्काळांत साऱ्याचा तगादा ज्या सरकारनें लावला, त्याच सरकारनें शेतकऱ्याच्या कर्जाचा सर्व दोष सावकारावर ढकलावा, ही गोष्ट सभासदांना झोंबली असल्यास त्यांत गैर काय? तहकुबीची सूचना फेंटाळली गेली. सरकारी सभासदांचीं मतें अगोदरच ठरलेलीं होतीं. वादविवाद हा निव्वळ उपचार होता. तेव्हां मेथा उठले आणि बाहेर पडले. त्यांच्यामागून डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख आणि गोखले. गोखल्यांनीं जाण्यापूर्वीं थोडें बोलून घेतलें. अनादर करण्याचा हेतु नाहीं, पण पुढच्या कामांत भाग घेणें आपल्याला शक्य नाहीं, असा त्याचा आशय. सभ्यतेची परिसीमाच म्हणावयाची! बिल त्याच बैठकींत पास झालें आणि १९०१ चा सहावा कायदा म्हणून नोंदलें गेलें.

हे पांचहि पुरुष थोर होते यांत शंका नाहीं. त्यांनीं सभा सोडली तें योग्यच केलें असें मीहि म्हणतों, कारण ज्या लोकांच्या जमिनीविषयीं कायदा व्हावयाचा त्यांना विचारावयाचेंच नाहीं, ही गोष्ट कितीहि चांगल्या हेतूनें झाली तरी वाईट. परंतु त्यांचे आर्थिक मुद्दे देशावरच्या कुणब्याला जितके लागू पडत तितके आमच्या डोंगरपट्टीला पडत नव्हते. त्यांच्यापुढें जो शेतकरी होता तो पुणें, सातारा, नगर या भागांतला. त्याला पत होती, सात पिढ्यांचा हिशेब होता, कोर्टाची ओळख होती. वारल्याला यांतलें कांहींच नव्हतें. त्याच्या हातांत विकतां येणारी जमीन देणें म्हणजे ती सावकाराला देण्याचाच एक लांबचा रस्ता होता. आणि झालेंहि तसेंच. १९३९ सालीं सिमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल दिला, त्यांत ठाणें जिल्ह्यांतले वारली स्वतःच्याच जुन्या जमिनीवर वेठीनें कसे राबत होते याचें वर्णन आहे. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांनीं डहाणू-उंबरगांवकडे त्यांची चळवळ उभी केली ती याच वेठीविरुद्ध. तेव्हां १९०१ सालीं कोण बरोबर होतें? सरकारचा रोगाचा अदमास कांहीं अंशीं खरा होता, आणि त्यानें दिलेलें औषध कोणाला विचारून दिलेलें नव्हतें. नामदारांनीं न विचारण्याला विरोध केला. ज्याला विचारावयाचें तो मनुष्य मात्र त्यांच्याहि डोळ्यांपुढें उभा नव्हता.

स्थिति बदलण्यास पुढें फार वर्षें गेलीं. सरकारी मताधिक्य १९०९ च्या सुधारणांनीं गेलें. विरारचे गोविंद धर्माजी तथा अण्णासाहेब वर्तक १९४६ सालीं बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत बसले. पहिल्या बैठकीपासून मोजलें तर मध्यें चौऱ्याऐंशीं वर्षें गेलीं होतीं.

१९०१ चा कायदा मात्र सरला नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यांत त्याचें बीज शिल्लक राहिलें. सातबाराच्या उताऱ्यावर ‘नवी शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असें जें लिहिलेलें असतें, त्याचें मूळ शोधीत गेलें तर वाट पुण्याच्या त्या ऑगस्टमधील बैठकीपाशीं जाते. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊं नये यासाठीं १९७४ सालीं त्यांत आणखी कडक कलम घालण्यांत आलें. वसई-विरारची २००९ सालीं महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा झाला. शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, आणि ‘नवी शर्त’ हे दोन शब्द आमच्याकडे जितक्या वेळां उच्चारले जातात तितके दुसरे कोणतेहि सरकारी शब्द उच्चारले जात नसतील.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या वडिलांना मिळालेल्या तुकड्यावर ही शर्त आहे. मुलीच्या शिक्षणासाठीं त्यांना तो विकावयाचा होता. परवानगी आणि नजराणा यांच्या पायीं तीन वर्षें ते एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत हिंडले, आणि गोखल्यांचा सगळा युक्तिवाद, गोखल्यांचें नांवहि न घेतां, त्यांनीं मला एका संध्याकाळीं ऐकविला. त्याच महिन्यांत मी तुंगारेश्वराच्या पायथ्याशीं एका पाड्यावर गेलों होतों. तेथें एका म्हाताऱ्या वारली बाईनें आपला उतारा प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळून ठेवलेला दाखविला. तिला वाचतां येत नव्हतें. तिच्या शेताच्या तिन्ही बाजूंना कुंपणें पडलीं होतीं. ‘हे विकता येत नाय म्हणून राहिलंय,’ ती म्हणाली, आणि उतारा फिरून पिशवींत घालून तिनें तो पत्र्याच्या पेटींत ठेविला.